'र'ची शेपटी डावीकडं

सुजाता, माफी न मागता गेलीस. नऊ वर्षं मी वाट पाहिली. माझं मागणं एवढंच होतं, की एकदा, एकाच कागदावर, मोठ्या अक्षरांत छापून दे: चूक माझी होती. पाण्याचा दिवस गल्लीला कळावा म्हणून तू शेकडो कागद छापलेस. शेजारणीचा बोकड हरवला तर त्याच्यासाठीही छापलास, शिंगांसकट. माझ्यासाठी एक कागद तुझ्याच्यानं निघाला नाही.

तू शिकवायचीस त्या शाळेतल्या बाई परवा दुकानात आल्या होत्या. तुझ्या आठवणींची पुस्तिका काढतायत. तुमची वीस वर्षांची मैत्री, चार चांगले शब्द लिहून द्या म्हणाल्या. चांगले शब्द त्यांना भरपूर मिळाले असतील. तू गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी पांढरी साडी नेसून मागं बसले होते आणि ऐकत होते. सुजाताबाई शांत होत्या, सुजाताबाई मायाळू होत्या, सुजाताबाईंनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही. मला वाटलं, मी चुकीच्या घरात येऊन बसले. उठून सांगावंसं वाटलं की या मायाळू बाईनं सगळ्या शहागंजात माझं हसं केलं. पण समोर तुझी पोरगी प्रज्ञा बसली होती, तिचं तोंड बघून गप्प राहिले. इथं ती समोर नाही, म्हणून इथं लिहिते.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हा माझ्याकडं शहागंजात अर्धं शटर होतं. चपलांचा कच्चा माल विकायचे, अजूनही तोच विकते. सोलची रबर शीट, पट्टे, चिकटवायचं सोलुशन. माझ्या माहेरी मेंढरं. दिवसभर मेंढरांमागं चालणाऱ्याच्या पायात कुठलं रबर टिकतं आणि कुठलं महिन्याभरात फाटतं, हे मला कुणी शिकवायला लागलं नाही. तेवढ्या एका अकलेवर मी हातगाडीवरून शटरमध्ये आले. तू कडक उन्हात आलीस, हातात मोडकी छत्री घेऊन, आणि शीट कापून उरलेले तुकडे मागितलेस. चपला शिवता का, विचारलं. छापते, म्हणालीस.

"काय छापता? नोटा?"

"नोटा छापता आल्या असत्या, तर तुमच्या दारात तुकडे मागत उभी राहिले असते का?"

मी भाव सांगितला. कचऱ्याला भाव असतो का, म्हणालीस आणि पायरी उतरलीस.

आमच्या बाजाराची एक रीत आहे. भाव पटला नाही की गिऱ्हाईक पायरी उतरतं. हळू उतरतं, मागं कान ठेवून. दुकानदारानं हाक मारायची म्हणून ते थांबलेलं असतं, आणि गिऱ्हाईक आपणहून वळेल म्हणून दुकानदार थांबलेला असतो. ज्याला आधी धीर धरवत नाही तो हरला. मी कधी हाक मारत नाही. शहागंजात माझी तीच ओळख आहे. पण तू हळू उतरलीच नाहीस. भराभर उतरलीस आणि गर्दीत चालायला लागलीस, खरंच निघालेल्या माणसासारखी. मी हाक मारली. "ओ बाई." उभ्या आयुष्यात गिऱ्हाईकाला मारलेली माझी ती एकच हाक. रबराच्या तुकड्यांतून ही बाई काय छापते, हे कळल्याशिवाय मला चैन पडलं नसतं, म्हणून मारली. तू ती माझी हार समजलीस आणि वीस वर्षं तसंच वागलीस.

सौदा असा ठरला, की तुकड्यांच्या एका गठ्ठ्याला एक छापील कागद. पहिला गठ्ठा द्यायला मी स्वतः मुकुंदवाडीला आले. स्टेशनच्या बाजूच्या त्या दोन खोल्या. मला वाटलं होतं मशीन असेल. मशीन कुठलं! छत्रीच्या काड्या दगडावर घासून केलेली कोरणी, सायकलची ट्यूब चढवलेलं लाटणं, शाईसाठी काचेचा तुकडा आणि दाबायला स्टीलचा डाव. त्याच डावानं वरण वाढत असशील, म्हणून मी तुझ्याकडं पहिल्या दिवशी जेवले नाही.

पण तू जे केलंस ते मी डोळे फाडून बघितलं, हे कबूल करते. ज्या रबरावर मी दिवसभर सुरी चालवते, त्याच रबरातून तू कागदावर पांढरं राहायचं तेवढं खरवडून काढलंस. लाटण्यानं काळी शाई फिरवलीस. वर कागद ठेवून डावाच्या पाठीनं घासत बसलीस, बाळाची पाठ थोपटावी तशी. मधेच जालन्याकडची गाडी गेली, टेबल हललं, तू हात वर धरलास, गाडी गेल्यावर पुन्हा टेकवलास. मग कोपऱ्याला धरून कागद उचललास. मोठा नळ, नळाखाली एकच थेंब, आणि खाली दोन शब्द: उद्या पाणी. तो कागद तू दोरीवर चिमट्यानं अडकवलास आणि दुसरा घातलास. आठवड्यानं पाणी येणाऱ्या गल्लीत ते दोन शब्द म्हणजे सणाची बातमी. बायका ते कागद काढून घरात लावायच्या. माझ्या वाट्याला आलेला पहिला कागद तोच. तो माझ्या गल्ल्यावर अजून आहे, तेलकट झालाय.

मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं वाचायला दुकानांच्या पाट्यांवरून शिकले, रस्त्यावर उभी राहून, एकेक अक्षर. हे फक्त तुला माहीत होतं. तू मला वाचायला शिकवलं नाहीस, ते मी आधीच शिकले होते. तू मला अक्षर बघायला शिकवलंस. रविवारी दुपारी आपण दोघी शहागंजातून हिंडायचो. जुन्या पेंटरनं रंगवलेल्या भिंती, सर्कशीचे फाटके कागद, बियाण्यांच्या पिशव्या, तंबाखूच्या पुड्या. या 'ळ'चं पोट बघ, हा 'क' कसा कमरेवर हात ठेवून उभा आहे बघ. लोक आपल्याला वेड्या समजायचे. तुझ्या कपाटावर पोस्टरांच्या गुंडाळ्या छताला लागल्या होत्या. एकेक उलगडून दाखवायचीस आणि वर दोन्ही कोपरांनी दाबून धरायला मला बसवायचीस. एवढ्या सुखाच्या दुपारी मला नवऱ्यानंही दिल्या नाहीत, पोटच्या पोरांनीही नाही. हे चांगले शब्द. झाले चार.

भांडणंही तिथलीच. तू कागदाच्या मधोमध एवढंसं चित्र घालायचीस आणि बाकी सगळं मोकळं सोडायचीस. मी म्हणायचे, गाळ्याचं भाडं मी फुटावर भरते, मोकळी जागा मला परवडत नाही, इथं सोलचं नाव घाल, इथं पट्ट्यांचं. तू म्हणायचीस, मोकळी जागा आहे म्हणून तर चित्र दिसतं, तुझ्या दुकानात माल एवढा कोंबलाय की तूच दिसत नाहीस. हे भांडण मिटलेलं नाही. माझं मत अजून तेच आहे.

आता त्या दिवसाबद्दल. मी पूर्ण गाळा घेतला, नऊ वर्षांपूर्वी. सगळे म्हणाले, मोठं फ्लेक्स लाव, वर चार पुढाऱ्यांचे फोटो टाक. मी म्हटलं, माझी मैत्रीण छापणार. किती मिरवत सांगितलं होतं मी, सुजाता. उद्घाटनाच्या चार दिवस आधी ठसा बघायला तुझ्याकडं आले. माल बघितल्याशिवाय मी घेत नाही. तुझ्याकडं गल्लीतल्या तीन बायका बसल्या होत्या. टेबलावर रबरावर पेन्सिलीनं आखलेलं माझं नाव, सरू रबर मार्ट. थोडं कोरून झालं होतं. मी वाचायला गेले आणि मला वाचता येईना.

अक्षरं ओळखीची दिसत होती आणि ओळख देत नव्हती. सगळ्या 'र'च्या शेपट्या डावीकडं. अकरा वर्षं तुझी छपाई बघितली होती, पण चित्रं बघायचे, कागद बघायचे. ठशातल्या अक्षरांकडं कधी नीट पाहिलं नव्हतं. मला वाटलं, हिनं मुद्दाम केलं. चौथी नापास बाई काय वाचणार, म्हणून बायकांसमोर गंमत मांडली. एक बाई हसलीही. तू सांगायला लागलीस, ठसा उलटाच कोरावा लागतो, मगच कागदावर सरळ येतं. मी ऐकलं नाही. मी म्हटलं, मी उलटा माल घेत नाही. सरळ कोर.

हे मी म्हटलं. नऊ वर्षं मी नाही म्हणत आले. तू मेल्यावर म्हणते, की मी म्हटलं.

त्यानंतर मी आणखी एक वाक्य बोलले. बायकांनी हसू आवरलं. मग तू पेन्सिल घेतलीस.

"सरळ पाहिजे? बरं."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कागदांची गुंडाळी आली, दोऱ्यानं बांधलेली. मी, जी शेंगदाण्याचं पोतंही उलथून बघते, ती गुंडाळी मी सोडून बघितली नाही. रागात होते. शेजारच्या पेट्यांच्या दुकानातल्या युसुफभाईंना म्हटलं, गल्लीभर चिकटवा. त्यांनी सकाळी उठून सगळे चिकटवले, मायेनं, एकही कोपरा सुटला नाही. मी साडीचा पदर सावरत आले, तर सगळं शहागंज माझं नाव उलटं वाचत होतं. रिक्षावाले आरशात बघून मोठ्यानं वाचत होते. मी युसुफभाईंवर ओरडले, डोळे कुठं होते तुमचे? ते बिचारे चिकटीचे हात घेऊन उभे.

"बाजी, मैं उर्दू पढ्या हुआ आदमी. मेरे को तो यहीच सीधा लगा."

तू पेढ्यांचा पुडा घेऊन आलीस. गर्दीत शिरलीस, भिंतीकडं पाहिलंस, मग माझ्याकडं. तोंडावर एक रेघ हलली नाही. छान दिसतंय, म्हणालीस. आणि पेढा माझ्या हातावर ठेवलास.

त्या दिवसापासून मी उलटी शेठाणी. भाजीवाली म्हणते, बँकेतला शिपाई म्हणतो. तुला दर दिवाळीला मी सुनावत आले, की तुला माहीत होतं काय होणार, तरी कोरलंस. आणि तू दर दिवाळीला फराळाचं ताट पुढं करत तेच म्हणायचीस: तू सांगितलंस तसं कोरलं. मी म्हणायचे, मी सांगितलंच नाही. तू म्हणायचीस, बरं. तुझं ते 'बरं' मला शिवीसारखं लागायचं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. सांगितली असती तर तू माझ्या डोक्यावर बसली असतीस. त्या उलट्या कागदांनी माझं दुकान चाललं. जालन्याचे, पैठणचे कारागीर चौकात उतरून विचारायचे, ते उलट्या नावाचं दुकान कुठंय? सगळ्या बाजाराला माहीत होतं. कागद उन्हापावसानं गेले तेव्हा पेंटरकडून मी शटरवर तसंच उलटं नाव रंगवून घेतलं. तुला सांगितलं, की पेंटरनं चूक केली. तू म्हणालीस, बरं.

मागच्या वर्षी तुझ्या हातातली ताकद गेली. साधं रबर कोरवेना. प्रज्ञा चिकलठाण्याची ड्युटी संपवून परस्पर दुकानात आली. मावशी, आईला मऊ शीट पाहिजे, खोडरबरासारखी, मिळेल का? मी म्हटलं मिळेल, आग्र्याहून मागवते. आणि मग म्हटलं, तुझ्या आईला सांग, आधी एका कागदावर छापून दे, चूक माझी होती. मग शीट. पोरीला वाटलं मी गंमत करते. मी गंमत करत नव्हते. मला वाटलं, आता हिला गरज आहे, आता ही वाकेल. एवढी वर्षं धंदा करून हेच शिकले: गरज कुणाला जास्त आहे ते बघायचं आणि थांबायचं.

दोन दिवसांनी प्रज्ञा निरोप घेऊन आली. आई म्हणाली, मावशीनं सांगितलं तसं कोरलं. मी म्हटलं, मग शीट नाय. ती पायरी उतरली. मी हाक मारली नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा आली, खाली बघत, तोच निरोप. पुन्हा मी हाक मारली नाही. शीट तेव्हा येऊन पडली होती. गल्ल्याखाली, तुझ्या टेबलाच्या मापाची कापून ठेवलेली. तिसऱ्यांदा कुणी आलं नाही.

तू कपड्याच्या साबणाच्या वड्या कोरायला लागलीस. मला युसुफभाईंच्या बायकोकडून कळलं, तिची बहीण तुझ्या गल्लीत राहते. साबण मऊ, पण चार कागदांत झिजतो. तुझा शेवटचा कागद मी दारावर पाहिला, तुझ्या मयताला आले तेव्हा. उद्या पाणी. 'ण'चा एक पाय झिजून गेलेला, थेंबाचा नुसता डाग झालेला. दुसऱ्या दिवशी पाणी आलं. तुझ्या कागदावर भरवसा ठेवून बायकांनी नळाखाली पिंपं लावली होती. तू नव्हतीस.

लोक म्हणतील, ही बाई दगडाची आहे. तूही दगडाचीच होतीस, फक्त पॉलिश केलेल्या. एक शब्द छापून दिला असतास तर मऊ रबरावर गेली असतीस, साबणावर नाही.

पुण्यानुमोदन झाल्यावर सगळे गेले तेव्हा मी मागं थांबले. प्रज्ञाला म्हटलं, माझ्या नावाचा तो ठसा असेल घरात, तो दे. मला का पाहिजे होता ते विचारू नकोस. ती म्हणाली, आहे. आईनं कपड्यात गुंडाळून ठेवलाय. पण आईची अट आहे.

"कसली अट?"

"तुम्ही छापून दिलं तर द्यायचा."

माझीच अट, माझ्याच तोंडावर. मेल्यावरसुद्धा सौदा सोडला नाहीस. मला राग आला आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. समोर कुणीतरी उभं आहे असं वाटलं.

दुकानात येऊन गल्ल्याखालची शीट काढली. अर्धी कापली. चामडं कापायची रापी घेतली, आणि दुपारभर शटर अर्धं ओढून कोरत बसले: मीच म्हणाले होते. दोन ठिकाणी बोट कापलं. शाई लावली, घरून आणलेल्या डावानं घासलं, कोपऱ्याला धरून कागद उचलला. उलटं आलं होतं. वीस वर्षं तुझ्या शेजारी बसून, नऊ वर्षं त्याच एका गोष्टीवर भांडून, मी सरळ कोरलं होतं. इतकी हसले मी, सुजाता, की युसुफभाई बघायला आले. त्यांनी कागद हातात घेतला, दूर धरला, आणि मान हलवून परत दिला.

तसाच कागद घेऊन मुकुंदवाडीला गेले. वाटलं, उलटा बघून तरी पोरगी हसेल. प्रज्ञा दारातच उभी राहिली. तिनं तो आरशाशिवाय, एका दमात वाचला. छापणारीची पोरगी. वाचून कागद माझ्या हातात परत दिला.

"हे नाही, मावशी."

"मग कोणतं?"

"त्या दिवशी बायकांसमोर तुम्ही आईला जे बोललात ते. मी आतल्या खोलीत होते."

मी म्हटलं, मला आठवत नाही. ती म्हणाली, बरं. हुबेहूब तुझं 'बरं'.

मी पायरी उतरले. तुझ्या दाराला तीन पायऱ्या आहेत. सवयीनं हळू उतरले, मागं कान ठेवून. हाक आली नाही. रस्त्यावर येऊन मी चपलेचा पट्टा नीट करत वाकले, तरी आली नाही.

तेव्हा कळलं, नऊ वर्षं आपण दोघी कशावरून भांडत होतो. मी अक्षरावरून भांडत होते, तू नाही. तुला त्या 'र'चं काही पडलं नव्हतं. तू वाट बघत होतीस की मला ते वाक्य कधी आठवतंय. आणि मला ते रोज आठवत होतं.

तुझ्या शाळेतल्या बाईंना मी सांगितलंय, की माझ्या लेखातला एक शब्दही बदलायचा नाही, नाहीतर कागद परत करा. त्या घाबरल्यात, बदलणार नाहीत. ते वाक्य कोरण्याइतका माझा हात चांगला नाही. पण ही पुस्तिका छापखान्यात जाणार आहे, तिथं सगळं सरळ येतं. तर, मी सरू, त्या दिवशी तीन बायकांसमोर, तुझ्या घरात, तुझ्या पोरीच्या कानावर जाईल अशा आवाजात म्हणाले होते: नवऱ्यानं टाकलेली बाई, हिला सगळं जग उलटंच दिसणार.

प्रज्ञा, छापून दिलं. आता ठसा दे.

मी तुमच्या पायरीवर उभी आहे.